मेंढीचे दूध तिच्या रक्तातून येते



कोकरू रोडावले की आपण कोकरासाठी औषध शोधतो. पुष्कळदा उणीव कोकरात नसून त्याच्या आईच्या चाऱ्यात असते. आमचे स्पष्ट मत आहे की कळपात कोणाला वेगळा खुराक द्यायचा असेल, तर तो आधी गाभण व व्यालेल्या मेंढीला द्यावा. बाजारासाठी राखलेल्या नराला मागाहून. याचे कारण मेंढीच्या रक्तात आहे.

दुभत्या जनावराच्या कासेत एक लिटर दूध तयार व्हायला सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त तिच्यातून फिरावे लागते. दुधातली साखर कास रक्तातल्या साखरेपासून बनवते, आणि हीच साखर दुधात पाणी ओढून घेते. रक्तात साखर कमी पडली की दूध आटते. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मि.लि.मागे ७० ते १०० मि.ग्रॅ. साखर असते, मेंढीच्या रक्तात साधारण ५० ते ८०. म्हणजे शिल्लक मुळातच थोडी. तीही चाऱ्यातून सरळ मिळत नाही. पोटातले जंतू चारा आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लापासून यकृत साखर तयार करते. धान्याच्या भरडीने हे आम्ल वाढते, नुसत्या वाळल्या कडब्याने ते अपुरे पडते.

मेंढी सुमारे १५० दिवस गाभण असते. पोटातल्या कोकराची दोन-तृतीयांश वाढ शेवटच्या ६ आठवड्यांत होते. व्याल्यावर तीन-चार आठवड्यांत दूध भरास येते. या दिवसांत खाणे कमी पडले तर मेंढी अंगची चरबी वितळवते, रक्तात कीटोन साचतात, ती चारा सोडते व मान टाकून बसते. कॅल्शियम घटले तरी ती लडखडते. जुळी वाढवणारीला हा धोका अधिक.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. हे काम मोलाचे आहे. पण जुळ्यांचा लोभ धरणाऱ्याने दोन कोकरांच्या दुधाचा खर्चही धरावा.

पेंड महाग आहे, हे आम्ही जाणतो. पण खुराक वर्षभर नको. व्यायच्या आधीचे ६ व नंतरचे ८ आठवडे पुरे. मक्याची भरड व थोडी शेंगदाणा पेंड मिळून रोज पाव किलो, जुळी असल्यास अधिक. मात्र हळूहळू वाढवावी, एकदम घातल्यास पोट बिघडते. शेवरी, हादग्याचा पाला घरचाच असतो. क्षारमिश्रण व स्वच्छ पाणी हवेच. कोकराला पहिला चीक शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच पाजावा. एका दिवसानंतर त्यातली रोगप्रतिकारक शक्ती रक्तात उतरत नाही.

रक्त तपासायची सोय गोठ्यात नसते, पण कमरेवर हात ठेवून पाहता येते. मणक्याची टोके टोचू लागली तर मेंढी कोकराला स्वतःचे अंग पाजते आहे असे समजावे. मेंढी आडवी पडल्यावर पशुवैद्यांना बोलवावेच. मात्र त्या सुईला लागणाऱ्या पैशांतून आधीच भरड आणली असती, तर बहुधा मेंढी उभी राहिली असती आणि कोकरूही.