बाबांचं बीपी, माझी सिगरेट

आजोबांना बीपी, बाबांना बीपी. त्यामुळे टपरीवर माझं ठरलेलं उत्तर, "जीन्समध्येच आहे रे, सिगरेट सोडून काय होणार?"

साफ चूक! 2018 मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही जनुकांचा बीपीवरचा परिणाम सिगरेट ओढणाऱ्यांत आणि न ओढणाऱ्यांत वेगळा दिसला. म्हणजे सगळंच काही हार्डकोड केलेलं नसतं. (सॉरी, सवय.) एकेका जनुकाचा वाटा तसा किरकोळच. पण प्रत्येक सिगरेटला बीपी थोडा वेळ चढतं, आणि मुळात बीपी असेल तर सिगरेटने हार्ट अ‍ॅटॅकचा धोका आणखी वाढतो. मग ज्याच्या घरात बीपी, त्यानेच आधी सोडायला नको का?

रविवारी बाबांच्या मशीनवर माझं बघितलं. 142/92. आईला अजून सांगितलं नाहीये.