गोधडीची मजुरी फक्त टाक्यांचीच का?

गोधडीवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं बहुतेक माया, ऊब आणि आजी यांच्याभोवतीच फिरतं. त्या लिखाणातला जिव्हाळा खरा आहे, पण त्यानं गोधडी शिवणारीचं मोठं नुकसानही केलं आहे. मायेचा हिशेब मांडायचा नसतो, अशी आपली समजूत. त्यामुळे गोधडी हे शिकून, ताडून बघून आणि प्रसंगी उसवून पुन्हा शिवत मिळवलेलं कसब आहे, ही गोष्टच नजरेआड होते. आता बचत गटांच्या गोधड्या प्रदर्शनांत आणि ऑनलाइन दुकानांत विकल्या जातात. तिथं मोबदला ठरतो तो लांबी-रुंदीवर आणि दोऱ्याच्या रांगा किती दाट आहेत यावर. कुठल्या तुकड्याशेजारी कुठला तुकडा ठेवायचा हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्या त्या अकलेचे पैसे कुणी धरत नाही. मागणी वाढली की कापड, रंग आणि नक्षी बाहेरून ठरून येते आणि बायकांकडे उरतं ते धावदोरा घालणं. रंग आणि जोडणी ठरवण्याचा हक्क शिवणाऱ्या बायकांच्या गटाकडेच राहिला पाहिजे आणि त्याचे वेगळे पैसे मिळाले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. तो हक्क गेला तर बायकांनी एकत्र बसण्यालाही अर्थ उरत नाही.

हे ठरवणं म्हणजे नेमकं काय, ते जवळून बघायला हवं. जुनेरं जमली की आधी त्यांची वाटणी होते. लुगड्याचा काठ चिवट, म्हणून तो ओढाताण होते त्या कडेला जातो. बसून बसून विरलेला भाग आतल्या थरात दडवायचा. धुऊन मऊ झालेलं सुती पातळ अंगाला लागेल त्या बाजूला घ्यायचं आणि घाम न शोषणारी, सुईखाली सुळसुळणारी पॉलिस्टरची साडी वरच्या अंगाला ठेवायची. मळखाऊ रंग कडेला, उजळ रंग मध्ये. मग तुकडे पसरून बायका उभ्यानं बघतात. हिरव्याशेजारी हिरवा आला तर तो मरतो, काळ्याशेजारी ठेवला की उठतो. एकुलता एक लालभडक तुकडा डोळ्यांत खुपत असेल तर तो चार ठिकाणी वाटून टाकायचा. एक म्हणते इकडं सरकव, दुसरी म्हणते राहू दे, तिसरी घरातून पिवळं खणाचं कापड घेऊन येते. या बोलण्यातूनच नवी सून किंवा शेजारची पोर शिकते. दोघी दोन बाजूंनी दोरा भरायला बसल्या की एकीचा टाका दुसरीच्या टाक्याशी जुळवावा लागतो, आणि हात चालू असताना घरातलं दुखणं, कर्ज, नवऱ्याचा जाच हेही बोललं जातं. रंगाचा सल्ला आणि संसारातला आधार एकाच बैठकीत मिळतात, कारण त्या बैठकीला ठरवण्यासारखं काही तरी असतं.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतला आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात वसलेलं जीज बेंड हे कृष्णवर्णीयांचं गाव. गुलामीच्या काळात पेटवे नावाच्या मालकाच्या कापूसमळ्यावर राबलेल्यांचे हे वंशज, आणि त्यातल्या अनेकांचं आडनाव आजही पेटवेच आहे. तिथल्या बायका कामाच्या विटक्या कपड्यांतून गोधड्या शिवत. वरचा थर प्रत्येक जण आपल्या घरी, आपल्या मनानं जोडी आणि थर शिवायला मात्र सगळ्या एकत्र येत. १९६६ साली नागरी हक्कांच्या चळवळीतून इथं आणि लगतच्या वस्त्यांत ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिनं बायकांच्या हाती रोख मजुरी दिली. पुढे तिनं २३ एकर जमीन घेतली आणि मतदार म्हणून नाव नोंदवल्याबद्दल जमीनमालकांनी हुसकून लावलेल्या काही कुटुंबांना घरासाठी जागा दिल्या. गोधडीच्या गटानं घराचं छप्पर मिळवून दिल्याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

पण याच संस्थेच्या कामात दुसरा धडाही आहे. ब्लूमिंगडेल्ससारख्या मोठ्या दुकानांना एकसारखा माल हवा होता. नमुना ठरलेला, माप ठरलेलं, रंग ठरलेले. १९७२ साली सीअर्स कंपनीकडून कॉर्डरॉय या जाड, रेघांच्या कापडाच्या अभ्र्यांचं काम मिळालं, तेही असंच साच्यातलं. त्या कामातून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायकांनी घरी नेले आणि गर्द लाल, सोनेरी, नारिंगी, शेवाळी अशा त्या तुकड्यांतून आपल्या मनानं गोधड्या जोडल्या. हात तेच आणि कापडही तेच. अभ्रे विकले गेले आणि विसरले गेले. घरच्या गोधड्या मात्र २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर चढल्या, आणि त्यांत कॉर्डरॉयच्या गोधड्याही होत्या. २००६ साली जीज बेंडच्या गोधड्यांवर अमेरिकेच्या टपाल खात्यानं दहा तिकिटं काढली. जगानं मोल दिलं ते बायकांनी स्वतः ठरवलेल्या जोडणीला. त्या मोलातला वाटा कुणाचा, यावरून २००७ साली काही जणींनी कोर्टात धाव घेतली, आणि प्रकरण पुढच्या वर्षी तडजोडीनं मिटलं. कौतुक झालं म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही, हेही त्यातून दिसतं.

इतक्या लांब जायचं नसेल तर उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ भागातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पाहावी. पोर्तुगीजांच्या गोव्यातून गुलामी झुगारून जंगलात आलेले अनेक जण या समाजाचे पूर्वज, आणि त्यांच्या कोकणीत मराठीचीही सरमिसळ आहे. कवंदी कोपऱ्यापासून सुरू होते, कडेकडेनं फिरत मध्यावर संपते, आणि कोपऱ्यांना कापडाची घडीची फुलं लावल्याखेरीज ती पुरी झाली असं मानत नाहीत. रीत सगळ्यांची एक, तरी कुठलीही कवंदी दुसरीसारखी नसते.

जोडणीच्या हक्काच्या या मागणीवर पहिला आक्षेप व्यापाऱ्यांचा असतो. गिऱ्हाइकाला फोटोत दिसली तशीच गोधडी हवी असते, मग प्रत्येक गोधडी वेगळी कशी चालेल? माप, धुतल्यावर रंग न जाणं, शिवणीचा टिकाऊपणा यांत सारखेपणा हवाच आणि तो मागायचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे. रंग आणि जोडणी यांत तो मागण्याचं कारण नाही. प्रत्येक नग वेगळा आहे हे सांगून विकता येतं, पैठणीच्या बाबतीत आपण ते मान्य करतोच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बायकांना स्वतःलाच ठरलेलं काम आणि महिन्याला ठरलेले पैसे हवे असतात, हक्काच्या गप्पा पोट भरत नाहीत. हे मी नाकारत नाही. जीज बेंडमध्येही साच्यातल्या कामानं घरांना हातभार लावला. म्हणून ठरलेलं काम बंद करा असं माझं म्हणणं नाही. त्याच्या जोडीला गटाच्या मनाचं कामही विकत घ्या, आणि त्याचा दर जास्त ठेवा. तिसरा प्रश्न नकलेचा. एकीनं शोधलेली जोडणी दुसरीनं उचलली तर? जीज बेंडच्या बायका वसंतात गोधड्या उन्हाला दोरीवर टाकत आणि शेजारणी त्या बघून जात. चौकोनात चौकोन बसवण्याची एकच रीत तिथं किती तरी घरांत निरनिराळी झाली. शेजारणीनं बघून शिकल्यानं कुणाचं काही गेलं नाही. बायकांना बुडवते ती बाहेरच्यानं केलेली उचल. तिला आळा घालायचा तर गोधडी कुणी जोडली याची नोंद हवी.

‘उमेद’ अभियान, महिला आर्थिक विकास महामंडळ आणि गटांकडून माल घेणारे खासगी ब्रँड यांना म्हणून विनंती आहे: दराच्या पत्रकात शिवणकाम आणि जोडणी असे दोन वेगळे रकाने करा, आणि गोधडीच्या चिठ्ठीवर जोडणाऱ्या बायकांची नावं त्यांच्या संमतीनं छापा. महालक्ष्मी सरसच्या येत्या प्रदर्शनापासून हे सुरू करता येईल.