बाळाचं वजन होतं, पण ते वाचतं कोण?

एक साधा हिशोब करू. समजा एक मुलगी आहे. सहाव्या महिन्यात तिचं वजन ७.२ किलो. नवव्या महिन्यात ७.२. वर्षाची झाली तेव्हाही ७.२. आता वाढीचा वजन-वयाचा तक्ता घ्या आणि तिन्ही ठिपके मांडून बघा. तिन्ही हिरव्या पट्ट्यात पडतात! कारण वर्षाच्या मुलीसाठी पिवळा पट्टा ७ किलोच्या खाली सुरू होतो. जी पोर सहा महिन्यांत एक ग्रॅमही वाढली नाही, ती कागदावर 'साधारण'. खरं तर एवढ्या काळात तिचं वजन साधारण दीड किलोनं वाढायला हवं होतं.

मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. दहा-अकरा महिन्यांची लेकरं न्यूमोनिया, जुलाब घेऊन दाखल होतात, तेव्हा मी आधी माता-बाल संरक्षण कार्ड मागते. लसीकरणाचं पान बहुतेक वेळा भरलेलं असतं. वजनाचे आकडेही कुठेतरी लिहिलेले असतात. आलेखाचं पान मात्र कोरं, नाहीतर दोन ठिपके आणि मध्ये रेषच नाही. आई म्हणते, "सिस्टर, दर महिन्याला वजन करतात की. हिरव्यात हाय म्हनल्या." ती खोटं बोलत नाही आणि अंगणवाडीताईही खोटं बोललेल्या नसतात. वजन झालं, नोंद झाली, रंग कळला. बाळाची वाढ थांबलीय, एवढंच तेवढं कुणी सांगितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपण रंग बघतो, रेष बघत नाही. आणि बाळाची तब्येत रेषेत असते. रेष वर चढतेय, तर बाळ बारीक दिसलं तरी घाबरू नका. रेष आडवी झाली, तर बाळ गुटगुटीत दिसलं तरी थांबून विचारायला हवं. रेष खाली आली, तर त्याच आठवड्यात दवाखाना. पिवळ्या पट्ट्यात जाण्याची वाट बघणं म्हणजे विहिरीत पडल्यावर कठडा बांधणं.

कुणी म्हणेल, आता लांबीही मोजतात, त्यात अशी मुलं सापडतात. काही सापडतात, खरंय. पण लहान बाळाची लांबी मोजायची तर त्याला आडवं झोपवावं लागतं. एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं गुडघे सरळ करायचे. हे दोन माणसांचं काम. एकट्या सेविकेनं रडणाऱ्या बाळाची लांबी घेतली, तर एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो आणि श्रेणीच बदलते.

दुसरं नेहमीचं वाक्य, "आमच्या घराण्यातच लहान चण आहे." मंडळी, हा तक्ता काही परदेशी बाळांवरून उचललेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली तो काढला, तेव्हा ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका यांच्याबरोबर भारतातली, दक्षिण दिल्लीतली बाळंही त्या अभ्यासात होती. अंगावरचं दूध, पुरेसं अन्न, बरी देखभाल मिळाली की सगळ्यांची वाढ जवळपास सारखीच झाली.

आणि आपली स्थिती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची कमी वजनाची मुलं २०१५-१६ मध्ये ३६ टक्के होती. २०१९-२१ मध्ये ३६.१ टक्के. म्हणजे जिथल्या तिथं.

रेष आडवी होते ती बहुतेक सहाव्या महिन्यानंतर. तोवर अंगावरचं दूध पुरतं, पाणीसुद्धा लागत नाही. नंतर दुधाच्या जोडीला जेवण लागतं आणि इथंच गाडी अडते. आई कामावर जाऊ लागते. घरात म्हातारी माणसं प्रेमानं वरणाचं पाणी, पातळ पेज, चहात बुडवलेलं बिस्किट देतात. बाळाचं पोट एवढंसं. ते पाण्यानंच भरतं. घास चमच्यातून ओघळत असेल तर तो पातळ आहे, एवढी खूण पुरे. मऊ भात आणि घट्ट वरण कुस्करून त्यात चमचाभर तूप किंवा तेल, नाचणीची घट्ट खीर, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं. यातलं काही डब्यातून विकत आणावं लागत नाही. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा आणि मध्ये थोडा खाऊ. आजारपणात जेवण बंद करायचं नाही, उलट बरं झाल्यावर एखादी वेळ वाढवायची. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवायचं. आणि हो, वर्षाच्या आत मध चाटवू नका.

हे सांगायला पाच मिनिटं लागतात. प्रश्न आहे, ती पाच मिनिटं कुणाकडे आहेत? सेविकेला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण तिच्याकडे आहार वाटप आहे, सर्वेक्षणं आहेत, मोबाइलवरच्या नोंदी आहेत. नोंद राहिली तर वरून फोन येतो. आईशी बोलायचं राहिलं तर कुणाचाच फोन येत नाही. फोनमध्ये आलेख असला तरी तो सेविकेच्या फोनमध्ये, आईच्या हातात नाही. आमच्या वॉर्डातही तेच. पाळीला माणसं कमी असली की डिस्चार्जच्या वेळी औषधं समजावली जातात, आहार राहून जातो.

घरी जाऊन सांगितल्यानं काय होतं, हे आपल्याच गडचिरोलीनं दाखवलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. अर्भकमृत्यू घटले, तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी यायला हव्यात. योजना आहे. त्या भेटीत रेष दाखवली जाते का, एवढंच विचारायचंय.

म्हणून आपल्या तालुक्यापुरत्या तीन मागण्या. एक, वजन झाल्यावर आईच्या कार्डावर तिच्यासमोर ठिपका टाकून रेष ओढायची. दोन, दर महिन्याच्या अहवालात 'सलग दोन महिने वजन न वाढलेली बालकं' हा वेगळा रकाना हवा, रंग कुठलाही असो. तीन, वजनाच्या दिवशी सेविका, आशा आणि नर्सताई एकत्र असाव्यात, आणि त्या दिवशी त्यांना दुसरं काम लावू नये. यातल्या कशालाही नवीन इमारत लागत नाही. ग्रामसभेत ठराव घेता येतो. सरपंच, सदस्य इथं वाचताहेत, हे मला माहीत आहे.

तोवर घरात लहान बाळ असेल तर आज कार्ड काढा. मुलगा आणि मुलगी यांचे तक्ते वेगळे असतात, ते बघून घ्या. ठिपके जोडा. त्याच कार्डावर बाळ कधी मान धरतं, कधी बसतं, हेही आहे. नऊ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, तर "बसेल हळूहळू" म्हणू नका, दाखवून घ्या.

रेष आडवी दिसली तर घाबरू नका, अंगणवाडीत जा आणि सरळ विचारा, "ताई, बाळाची रेष अशी का?" विचारणाऱ्या आया वाढल्या की सांगणाऱ्यांनाही वेळ काढावा लागेल. शेजारणीलाही सांगा.