मार्जिनमधला पत्रा

मे संपत आला की वेल्डरला फुरसत नसते. पावसाआधी बंगल्याच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीवर पत्रा टाकून घ्यायचा असतो. दुचाकी, सिलिंडर, जुनं कपाट, सगळ्याची सोय होते. परवानगीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: जागा आमचीच आहे ना!

जागा तुमची, हे खरंच. पण तुमची पट्टी आणि शेजाऱ्याची पट्टी मिळून दोन घरांमधली हवा आणि उजेड ठरतो. तुमच्या पत्र्याचं पाणी त्याच्या भिंतीवर पडू लागलं की पहिल्याच पावसाळ्यात तिथला गिलावा फुगतो. ड्रेनेजचं चेंबरही बहुधा याच पट्टीत असतं. त्यावर फरशी बसवली, की ते तुंबल्यावर झाकण उघडायलाच जागा उरत नाही.

मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला 2020 च्या अखेरीस एकच बांधकाम नियमावली लागू झाली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाची परवानगी तिने बरीच सोपी केली. सामासिक अंतर, म्हणजेच घर आणि हद्द यांमधली ही मार्जिनची पट्टी, मात्र तिथेही सोडावीच लागते. त्या अंतरात विहीर, झाडाभोवतीचा पार, कारंजं, बसायला बाक चालतो. म्हणजे वापराला ना नाही, पट्टी वरून उघडी राहावी एवढंच मागणं आहे.

आग लागते तेव्हा हे मागणं किती रास्त आहे ते कळतं. अग्निशमन दलाचा जवान शिडी घेऊन याच पट्टीतून मागे जाणार असतो. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली, वरच्या आच्छादनांनी ती झपाट्याने पसरवली आणि 14 जणांचा जीव गेला. छप्पर किरकोळ वाटतं म्हणून धोका किरकोळ नसतो.

म्हणून वेल्डरला आगाऊ रक्कम देण्याआधी मंजूर नकाशा घेऊन पालिकेच्या बांधकाम विभागात जा. पावसाळ्यापुरतं छप्पर हवं असेल तर तसा अर्ज करा आणि मुदत संपली की ते उतरवा. पालिकांनीही आपलं काम करावं. कुठे काय चालतं, याचं साध्या मराठीतलं एक चित्र प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात लावावं. शेड उभी राहीपर्यंत गप्प बसून नंतर नोटीस बजावण्यात कुणाचंच भलं नाही.