बांधावरून : एकाच सुडीची पंचवीस चित्रे



या खेपेस खतांचे आणि बियाण्यांचे राहू द्या. एका चित्रकाराची गोष्ट सांगतो. तुम्ही म्हणाल, चित्रकाराचे आणि आपले काय नाते? पण या माणसाने राजाराणीची चित्रे काढण्यात आयुष्य घालवले नाही. त्याने काढली ती रानात रचलेली गव्हाची सुडी. कोणी तिला गंजी म्हणतात, भाताच्या मुलखात उडवी म्हणतात. म्हणजे नाते आहेच.

त्याचे नाव क्लोद मोने. जन्म १८४० साली, फ्रान्स देशात. १८८३ साली तो पॅरिसपासून पाऊणशे किलोमीटरवरच्या जिव्हर्नी या खेड्यात भाड्याचे घर घेऊन राहिला. पुढे १८९० मध्ये ते घर विकत घेतले आणि १९२६ साली मरेपर्यंत ते सोडले नाही. घराला लागूनच शेजारच्या शेतकऱ्याचे रान होते. तिकडे त्या काळी गहू कापला की पेंढ्यांची पंधरा-वीस फूट उंच सुडी घालीत आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून वरून शाकारीत. मळणीयंत्रे थोडी, ती गावोगाव फिरायची. पाळी येईपर्यंत सुड्या हिवाळाभर रानातच उभ्या राहत.

१८९० च्या उन्हाळ्याअखेरीस मोने या सुड्यांपुढे बसला. दोन चित्रांत काम भागेल, एक उन्हातले, एक आभाळ भरून आल्यावरचे, असा त्याचा अंदाज होता. पण ऊन सरकले आणि सुडीचा रंगच पालटला. घरातली ब्लांश नावाची मुलगी बरोबर होती. तिला त्याने घरून आणखी एक कॅनव्हास आणायला पाठवले. थोड्या वेळाने आणखी एक, मग आणखी एक! ज्या उजेडाचे चित्र, त्या उजेडातच त्यावर हात फिरवायचा. उजेड बदलला की ते बाजूला ठेवून दुसरे घ्यायचे. सकाळचे धुके, सांजेची लाली, बर्फ पडल्यावरचा निळसर गारठा, सगळे त्याने टिपले. १८९१ पर्यंत अशी सुमारे पंचवीस चित्रे झाली. त्यातली पंधरा मे १८९१ मध्ये पॅरिसला मांडली, ती थोड्याच दिवसांत विकली गेली. त्या मालिकेतले एक चित्र २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात अकरा कोटी डॉलरवर गेले. सुडीतल्या गव्हाला मात्र बाजारभावच मिळाला असेल, हे तुम्ही-आम्ही ओळखतोच!

गावाशी त्याचे खटकेही उडाले. १८९३ साली त्याने ओढ्याचे पाणी वळवून तळे करायचे ठरवले. ओढ्यावर गावाची धुणी आणि गुरांचे पाणी. परदेशी झाडांनी पाणी विषारी होईल म्हणून शेतकऱ्यांनी हरकत घेतली. शेवटी परवानगी मिळाली, आणि त्याच तळ्यातल्या कमळांनी पुढे त्याचे नाव जगभर नेले. पण पाण्यासाठी भांडणारे ते शेतकरी मला आपलेच वाटतात.

आता ही गोष्ट मला का आठवते, ते सांगतो. यात माझीच एक चूक आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका वस्तीवर मिरचीचा प्लॉट पाहायला गेलो. वेळ दुपारी एकची, जमीन काळी, झाडांनी माना टाकलेल्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकले, "पाणी कमी पडतंय, उद्याच द्या." त्यांनी दिले. पुढच्या फेरीला पुन्हा दुपारच, पुन्हा माना खाली. मी पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्या फेरीत घरातल्या मावशी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही येता ते उन्हाचं. एकदा दिवस उगवताना या की." गेलो. बहुतेक झाडे ताठ उभी होती. ज्यांच्या माना सकाळीही खाली होत्या, ती उपटून पाहिली, तर मुळे कुजलेली. पाणी कमी नव्हतेच, माझ्या सांगण्याने जास्त झाले होते. त्या घराची निम्मी मिरची गेली. मावशी मला एक शब्दही बोलल्या नाहीत, त्याचेच जास्त लागले.

कडक उन्हात पानांतून जितके पाणी उडते, तितके मुळांना ओढता येत नाही. म्हणून झाड दुपारी मलूल होते आणि सांजेला सावरते. सकाळीही ते मलूल दिसले तरच काळजी करायची. तेव्हाही आधी वीतभर खोलीची माती मुठीत दाबून बघा. गोळा होत असेल तर पाणी थांबवा आणि मूळ तपासा. भुगा होत असेल तर पाणी द्या.

मोनेला जे पहिल्याच दिवशी उमगले, ते मला नोकरीची अर्धी वर्षे गेल्यावर एका मावशींनी शिकवले. एका वेळी पाहिलेले रान म्हणजे अख्खे रान नव्हे.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. रानातली एकच जागा ठरवा, एखादा सरी-वरंबा किंवा बांधावरची बाभळ. ती दिवस उगवताना, भर दुपारी आणि दिवे लागणीला पाहा. घरात चित्रे काढणारे पोर असेल तर त्याला बरोबर न्या. "वही कशाला खराब करतोस" म्हणून त्याच्यावर ओरडू नका. पोराला रंग दिसेल, तुम्हाला पीक दिसेल, आणि दोघांना मिळून आपले रान दिसेल.

पुढच्या वेळी बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासावी, ते पाहू.