सातबारा इथला, मग पोर परप्रांतातले कसे?



1972 साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. त्यानंतर कित्येक वर्षे आपलाच कापूस राज्याच्या हद्दीबाहेर नेऊन विकायला बंदी होती. सेंधव्याला चार पैसे जास्त मिळत असले तरी गाडी नाक्यावर अडवली जायची. ती योजना गेली. आता कापूस अडत नाही. आता अडते ते कापूस पिकवणाऱ्याचे पोर. आणि तेही राज्याबाहेर जाताना नाही, घरी परत येताना.

प्रश्न अधिवासाच्या दाखल्याचा आहे. दाखला म्हटला की आपल्याला सेतू केंद्रातली रांग आठवते आणि हा किरकोळ कागदाचा विषय वाटतो. तसा तो नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या 100 जागांपैकी 85 राज्याच्या कोट्यात असतात आणि 15 अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या 85 मध्ये उभे राहायचे असेल तर दाखला लागतो. शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता, 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात मिळणारी पूर्ण फी माफी, या सगळ्यांच्या दारात आधी विचारतात, तुम्ही महाराष्ट्राचे रहिवासी आहात का? दाखला नसला तर गुण असूनही एकच वाट उरते, खासगी महाविद्यालयाची. एकरी चार क्विंटल कपाशी काढणाऱ्याने त्या वाटेला कसे जायचे?

आता आपल्या भागाची गोष्ट बघा. पारोळा, अमळनेर, शिंदखेडा, साक्री इथला कोरडवाहू शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तापीलाइनच्या गाडीने सुरतेला जातो. उधना, लिंबायत या वस्त्यांत अहिराणी ऐकू येते. कोणी मागावर आहे, कोणी डाइंगमध्ये. धुळे-नंदुरबारकडचे कोयते दर हंगामात बारडोलीच्या उसात उतरतात. हौस म्हणून कोणी गेलेले नाही. दादर आणि कपाशीत घर भागले असते तर गाव कोणी सोडले नसते. यांचा सातबारा इथे, मतदान इथे, लग्न-मरण इथे. फक्त पोरांची शाळा तिकडे.

असा मुलगा दहावी-बारावी सुरतेत पास होतो आणि धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयासाठी अर्ज करतो. तेव्हा त्याला सांगतात की नुसता अधिवास चालणार नाही, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पाहिजेत. सवलत आहे, पण ती मुख्यतः बदलीवर जाणाऱ्या नोकरदारांच्या मुलांसाठी. साहेबाची बदली झाली तर ती सरकारी गरज. पाऊस दगा देऊन शेतकरी गेला तर ती त्याची मर्जी!

गंमत अशी की अभियांत्रिकीला हेच राज्य वेगळा न्याय लावते. तिथे दहावी-बारावी बाहेर झाली असली तरी उमेदवाराचा, बापाचा किंवा आईचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला असला की मुलगा राज्याचा धरतात. कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या मराठी मुलांसाठीही स्वतंत्र गट आहे. तो असलाच पाहिजे. पण बेळगावचा मराठी मुलगा आपला आणि लिंबायतचा आपला नाही, हे कोणत्या हिशोबात बसते?

हा वाद नवा नाही. मध्य भारत राज्य होते तेव्हाची, शिरपूरपलीकडच्या इंदूरची गोष्ट आहे. तिथल्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी नव्हती, बाहेरच्यांना 1,300 ते 1,500 रुपये होती. दिल्लीचे डी. पी. जोशी न्यायालयात गेले. 27 जानेवारी 1955 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने राज्याची बाजू उचलून धरली. राज्य शिक्षणावर पैसा खर्च करते आणि त्याचा काही लाभ राज्याकडे परत यावा, अशी अपेक्षा ठेवते. इथला रहिवासी शिकून इथेच राहण्याचा संभव जास्त. म्हणून त्याला सवलत देणे गैर नाही, असा तो विचार.

हा विचार आम्हाला मान्य आहे. पण याच कसोटीवर आपला मुलगा घासून पाहा. ज्याच्या बापाची चार एकर जमीन अमळनेर तालुक्यात आहे, तो डॉक्टर होऊन अमळनेरला परत येण्याचा संभव जास्त की मुंबईत शिकून परदेशाची वाट धरणाऱ्याचा? न्यायालयाने ज्या कारणासाठी नियम राखला, त्याच कारणाला आजची अट हरताळ फासते.

1984 साली प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. भारतीयाचा अधिवास एकच, तो म्हणजे भारताचा. राज्ये ज्याला अधिवास म्हणतात ते खरे म्हणजे कायमचे वास्तव्य. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातले वास्तव्याचे आरक्षण घटनाबाह्य ठरवले, पण एमबीबीएसला काही प्रमाणात ते चालते. 2024 साली सीमा सुरक्षा दलातल्या एका जवानाच्या मुलाला, बापाच्या नोकरीमुळे शिक्षण बाहेर झाले असूनही, न्यायालयाने महाराष्ट्राच्या कोट्यात प्रवेश देवविला. म्हणजे नियम दगडावरची रेघ नाही. अमेरिकेतही सरकारी विद्यापीठांत बाहेरच्या राज्यातल्या मुलाला जास्त फी असते. पण तिथे बहुतेक ठिकाणी वर्षभराचे खरे वास्तव्य दाखवले की तो त्या राज्याचा होतो. आपल्याकडे 15 वर्षांचे पुरावे मागतात.

कोणी म्हणेल, अट सैल केली तर बाहेरचे पैसेवाले खोटे कागद करून शिरतील आणि गावातल्याच मुलाची जागा जाईल. ही भीती खरी आहे, ती आम्ही झटकत नाही. म्हणूनच कुंपण काढा असे आमचे म्हणणे नाही. कुंपण राहू द्या, पण शेताच्या मालकाला फाटक ठेवा. सुरतेचा मुलगा दोन्ही राज्यांत हात मारील, ही शंकाही घेतली जाईल. त्यावर उपाय सोपा आहे. एकाच राज्याच्या कोट्यात अर्ज करीन, असे हमीपत्र घ्या.

तेव्हा जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांचा ठराव मांडावा, अशी आमची सूचना आहे.

1. अभियांत्रिकीप्रमाणे वैद्यकीय प्रवेशातही आई किंवा बापाचा अधिवास ग्राह्य धरावा. खोट्या कागदांना आळा म्हणून कुटुंबाच्या नावे राज्यात निदान 15 वर्षांचा सातबारा किंवा शिधापत्रिका असल्याची अट घालावी. शिधापत्रिका यासाठी की, भूमिहीन मजुराचे पोर सुटू नये.

2. हंगामी स्थलांतरामुळे मुलाच्या शाळेत खंड पडला असेल, तर तेवढ्यावरून दाखला नाकारू नये.

3. नाकारलाच तर कारण लेखी द्यावे.

ठराव मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर हातातले काम सोडू नका. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिवासाचा दाखला 15 दिवसांत मिळाला पाहिजे, नाहीतर अपील करता येते. अर्जाची पोच घेतल्याशिवाय सेतूतून उठू नका. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणारा हमखास चुकतो, म्हणून मूल नववीत असतानाच स्वतःचा, म्हणजे आईबापाचा, दाखला काढून ठेवा. वैद्यकीयला जायची इच्छा असलेले पोर दहावीच्या आधीच गावाकडच्या शाळेत आणता आले तर आणा. ही सोय नाही, शिक्षाच आहे, हे आम्ही जाणतो. पण नियम बदलेपर्यंत वर्ष वाया जाण्यापेक्षा ती बरी.

आखाजीला सुरतेची मंडळी गावी येतात. त्या आठवड्यात प्रत्येक गावात कार्यकर्त्यांनी बसावे आणि घरटी कागद तपासावेत. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, सातबारा, तलाठ्याचा रहिवासी दाखला. नावात कानामात्रेचा फरक असला तरी तेव्हाच दुरुस्तीला टाकावा. ज्या गावांची यादी तयार होईल त्यांनी ती पुढच्या बैठकीला बरोबर आणावी. किती पोरांची वाट या अटीने अडली, हा आकडा आज सरकारच्या टेबलावर नाही. तो आपणच नेऊन ठेवायचा आहे.