६ एप्रिलचा रस्ता

एप्रिलचा पहिला आठवडा आला की दांडीची आठवण निघते. १९३० साली ६ एप्रिलला गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. अमेरिकेत ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांना आठवतात; १९६८ मध्ये त्यांची त्या दिवशी हत्या झाली. आणि आपल्या निपाणीची तारीख म्हणजे ६ एप्रिल १९८१. दांडी आणि किंग मुलांना पुस्तकातून ठाऊक असतात, निपाणीचे विचारले की वर्ग गप्प. मात्र घरी विचारून या म्हटले, की दुसऱ्या दिवशी एखादा तरी उठून सांगतो, "सर, आमचे अज्जा होते तिथे."

तंबाखू पिकवणाऱ्याच्या हातात भाव नव्हता. व्यापारी ठरवील तो दर. प्रा. सुभाष जोशी आणि शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या हाकेसरशी १४ मार्चला हजारो शेतकरी पुणे-बेंगळूर हमरस्त्यावर येऊन बसले. तिथेच वस्ती उभी राहिली, तिचे नाव पडले आंदोलननगर. ऐन उन्हात चोवीस दिवस लोक तिथे होते. ६ एप्रिलला पोलिसांनी धरपकड करून वस्ती उठवली, गोळीबार केला. बारा शेतकरी गेले.

मला वाटते, या आंदोलनाचा जीव त्या रस्त्यात होता. शेतात बसून ओरडणाऱ्याचे ऐकतो कोण? १९६५ च्या ७ मार्चला अमेरिकेतल्या सेल्मा गावातून सहाशेच्या आसपास लोक मतदानाच्या हक्कासाठी पायी निघाले. बहुतेक कृष्णवर्णीय, आणि तेही हमरस्त्यानेच. पुलापाशी पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. ते दृश्य त्याच रात्री घरोघरी टीव्हीवर दिसले आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. शांतपणे चालणाऱ्याला मार चुकला नाही, पण मारणाऱ्याला "त्यांनीच सुरुवात केली" असे म्हणायला जागा उरली नाही. आपल्या खेड्यांत तेव्हा टीव्ही कुठला? निपाणीची गोष्ट राहिली ती पाहणाऱ्यांच्या तोंडी, आणि ती माणसे आता थकली आहेत.

किंग यांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हत्येच्या बरोबर एक वर्ष आधी, ४ एप्रिल १९६७ ला, न्यूयॉर्कमध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भाषण केले. तेव्हा त्यांच्या बाजूचेच कितीतरी लोक नाराज झाले. तुम्ही वर्णभेदाचे बघा, युद्धाशी तुम्हाला काय करायचे आहे? किंगनी ते मानले नाही. बाहेर चालणारी बंदूक आणि घरात बसणारी लाठी त्यांना वेगळी वाटत नव्हती. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला आणि त्यांचा जीव गेला, तेव्हा युद्धविरोधी संघटनाही निषेधात उतरल्या.

'तुम्हाला काय करायचे आहे' हे आपल्याकडे भाषेच्या वेषात येते. निपाणीत मेले ते मराठी, मारणारे कानडी, असे कट्ट्यावर सहज बोलले जाते. मग जुलै १९८० चे काय? मलप्रभा उगवते आपल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. तिच्याच कालव्यांच्या करावरून नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी उठले आणि त्यांच्यावरही गोळ्या चालल्या. ते शेतकरी कन्नड बोलणारे होते. मुख्यमंत्री दोन्ही वेळचे एकच, गुंडूराव. तिकडे २१ जुलैला रैत हुतात्मा दिन पाळतात. कानडी रैत आणि आपली रयत एकच, हे तुमच्या घरात मी काय सांगावे!

१७ जानेवारीला आणि १ जूनला आपण भाषेसाठी गेलेल्यांना आठवतो. त्या दिवशी दोन भाषांच्या घरात कोणीतरी एक जण जरा गप्प असतो. त्या स्मरणाविषयी मला आदर आहे, पण ६ एप्रिल आणि २१ जुलैला असे गप्प बसायचे कोणालाच कारण नाही. तरीही दोन्ही तारखा एकाच घरात पाळल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

रस्त्यावर बसलेला शेतकरी निदान जमिनीचा धनी होता. वखारीत तंबाखू चाळून धुळीत खोकणाऱ्या बायकांचा लढा निराळा, पण त्याच निपाणीतला. दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटाने १९८२ साली त्यावर 'तंबाखू चाकीला ऊब आली' ही फिल्म काढली. अलीकडे बर्लिनच्या अर्सेनाल संस्थेने ती नव्याने जतन केली आहे. अर्ध्या तासाच्या आतच संपते. मिळाली तर घरात सगळ्यांनी मिळून बघा. आजीला त्यातली बोली लगेच कळेल. धारवाडकडून आलेल्या सुनेला मात्र कोणीतरी शेजारी बसून कानडीत सांगावे लागेल, आणि बहुधा ते काम आजीच करील.